व्हिसेरा राखून ठेवला; पण विचारले काय?

‘मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नाही. व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून अहवाल आल्यानंतरच कारण स्पष्ट होईल.’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना पाठ झाले आहे. बातमी तिथे संपते. अहवाल येतो तेव्हा बातमीदार दुसऱ्या घटनेच्या मागे असतो, तपास अधिकाऱ्याची कदाचित बदली झालेली असते आणि घरच्यांनी मनाशी काहीतरी कारण ठरवून टाकलेले असते. अहवालातली कामाची ओळ एकच: अमुक विष आढळले, किंवा कोणतेही विष आढळले नाही.

शेतातल्या कीटकनाशकाने झालेल्या मृत्यूत ही एक ओळ बऱ्याचदा पुरते. तिथे उग्र दर्प असतो, तोंडाला फेस असतो, जवळपास बाटली सापडते आणि जठरात विषही भरपूर असते. मृत्यू डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या औषधाने झाला असेल, तर मात्र गोष्ट बदलते. झोपेची गोळी, तीव्र वेदनाशामक, हृदयाचे ठोके सावरणारे औषध, नैराश्यावरची गोळी ही सारी घरातल्या औषधांच्या डब्यात राजरोस असतात. ती शरीरात सापडली म्हणून विषबाधा झाली असे ठरत नाही. आणि सापडली नाहीत म्हणून झालीच नाही, असेही ठरत नाही. न्यायसहायक विषशास्त्र या शाखेचे खरे काम या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. आपल्याकडे ही जागा बरीचशी रिकामी राहते. त्याचे कारण केवळ यंत्रांची किंवा माणसांची कमतरता नाही. प्रयोगशाळेत बरण्या पोहोचतात, पण त्यांच्याबरोबर प्रश्न पोहोचत नाही.

बरण्यांत काय असते?

संशयास्पद मृत्यूची पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा होतो. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर व त्यातील पदार्थ, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे अर्धे भाग, रक्त आणि मिळाल्यास लघवी असे नमुने वेगवेगळ्या बरण्यांत भरतात. अवयवांच्या तुकड्यांवर साध्या मिठाचे संपृक्त द्रावण ओतले जाते. बरण्यांना मोहोर लागते आणि पोलीस शिपाई त्या घेऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. राज्यातल्या या प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. पोलिसांच्या बोलण्यात त्यांच्या अहवालाला आजही ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात. ‘केमिकल अ‍ॅनालायझर’ या इंग्रजी अमलातल्या पदाची ती खूण आहे.

अवयवांतून विष वेगळे काढण्याची विद्या जुनी आहे. बेल्जियममध्ये १८५० साली एका सरदाराने आपल्या मेहुण्याला निकोटिन पाजून मारल्याचा संशय होता. वनस्पतिजन्य विषे मृत शरीरातून वेगळी काढता येत नाहीत, असे तोवर मानले जात होते. ज्याँ स्तास या रसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोल, आम्ल आणि ईथर वापरून मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळे करून दाखवले आणि आरोपीला मृत्युदंड झाला. पुढे ऑटो यांनी या पद्धतीत सुधारणा केली. ‘स्तास-ऑटो’ या नावाने ती आजही न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. पोटात गेलेले, बऱ्यापैकी मात्रेचे विष शोधायला ती उपयोगी पडते.

अडचण मात्रेची आहे. मद्य पिऊन वाहन चालवण्याबाबत आपल्या कायद्यातली मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. म्हणजे एका मिलिलीटर रक्तात ०.३ मिलिग्रॅम. आता फेंटानिल घ्या. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि कर्करोगाच्या असह्य वेदनांवर हे औषध वापरतात. उपचार चालू असताना एका मिलिलीटर रक्तात ते काही नॅनोग्रॅम एवढेच असते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. मद्याच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे लाखपटीने कमी झाले. पोत्यातली सुई शोधायची असेल तर आधी आपण सुई शोधतो आहोत हे माहीत असावे लागते.

म्हणूनच आधुनिक प्रयोगशाळेत चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिली चाळणी प्रतिपिंडांवर आधारलेली असते. एखाद्या औषधगटाशी जुळणारी रचना दिसली की ती खूण दाखवते. ही चाळणी झटपट होते, स्वस्तही असते. पण तिला तिचीच ओळखीची माणसे दिसतात. मॉर्फिनसाठी बनवलेली नेहमीची चाचणी फेंटानिलला ओळखत नाही, कारण दोघांचे काम सारखे असले तरी रेणूची घडण वेगळी आहे. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांचा गट एकच म्हणवला जातो. पण त्यातली काही औषधे या चाळणीत नीट अडकतात, काही निसटतात. दुसरा टप्पा मास स्पेक्ट्रोमीटरचा. हे यंत्र रेणू फोडून तुकड्यांची वजने मोजते आणि ती माहीत असलेल्या औषधांच्या यादीशी ताडून पाहते. पुरावा म्हणून उभा राहतो तो हाच टप्पा. पण इथेही यादी लागते. ठरावीक औषधांवरच लक्ष ठेवायला सांगितलेले यंत्र इतर औषधांबद्दल गप्प बसते.

त्यामुळे ‘कोणतेही विष आढळले नाही’ या वाक्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच: ज्या पदार्थांसाठी तपासणी केली, ते या पद्धतीने, या नमुन्यात आढळले नाहीत. कोर्टात आणि घरात मात्र त्याचा अर्थ ‘मृत्यू नैसर्गिक होता’ असा लावला जातो.

संशय आला नाही, म्हणून तपासणी नाही

औषधाने आलेला मृत्यू आजारासारखाच दिसतो, हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग. मॉर्फिनच्या गटातल्या औषधाची मात्रा जास्त झाली की माणूस गाढ झोपतो, श्वास मंदावतो आणि थांबतो. शवविच्छेदनात फुप्फुसे पाण्याने जड झालेली दिसतात. हृदय बंद पडून गेलेल्या माणसातही तसेच दिसू शकते. वय जास्त असेल, आधीचा आजार असेल, तर कुणाला शंका येण्याचे कारणच उरत नाही.

इंग्लंडमधल्या हाइड गावच्या डॉ. हॅरॉल्ड शिपमनने याच गोष्टीचा फायदा घेतला. तो लोकांचा लाडका फॅमिली डॉक्टर होता. वयस्कर रुग्णांना तो डायमॉर्फिनचे इंजेक्शन देई आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिही. जून १९९८ मध्ये ८१ वर्षांच्या कॅथलीन ग्रंडी वारल्या, तेव्हा त्याने दाखल्यावर म्हातारपण हे कारण लिहिले. ग्रंडीबाईंची मुलगी वकील होती. आईच्या नावाने पुढे आलेले मृत्युपत्र तिला बनावट वाटले आणि ती पोलिसांकडे गेली. ऑगस्टमध्ये पुरलेला देह बाहेर काढला गेला. शरीरात डायमॉर्फिनचे लवकरच मॉर्फिन होते. ते मॉर्फिन मांडीच्या स्नायूत आणि यकृतात मिळाले. ३१ जानेवारी २००० रोजी शिपमनला १५ खुनांबद्दल शिक्षा झाली. न्या. जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ साली जो आकडा मांडला तो २१५ मृत्यूंचा होता.

मॉर्फिन शोधायची पद्धत ब्रिटनमध्ये कित्येक दशके उपलब्ध होती. तंत्र कुठेही कमी पडले नव्हते. दोनशेहून अधिक वेळा ते वापरावे असे कुणाला वाटलेच नाही, आणि अखेर प्रश्न उभा राहिला तो एका कागदावरच्या संशयास्पद सहीमुळे. अनेकांचे दहन झाले होते. त्यांच्या बाबतीत पुरावा कायमचा गेला. उपचार करणाऱ्या डॉक्टरशिवाय दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने प्रत्येक मृत्यूचे कारण तपासावे, ही व्यवस्था इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने सक्तीची झाली ती ९ सप्टेंबर २०२४ रोजी.

शिपमनसारखा गुन्हेगार विरळा. पण औषधावर संशय सर्वात शेवटी जातो, हे विरळा नाही. मुंबईला त्याचा अनुभव आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे रसायन होते. न्या. लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी सडली होती ते उघड केले. जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुले खोकल्याच्या औषधातल्या त्याच रसायनाने गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तिथेही सुरुवातीला शोध चालला तो संसर्गाचा. नंतर तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने औषधाच्या नमुन्याची तपासणी केली आणि त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल असल्याचे जाहीर केले. हे मृत्यू जास्त मात्रेचे नव्हते, भेसळीचे होते. तरी धडा तोच आहे. बाटली आधी तपासली असती तर पुढची बाटली कुणाच्या तोंडी गेली नसती.

आकड्यालाही अर्थ लावावा लागतो

समजा औषध सापडले, त्याचे प्रमाणही मोजले. प्रश्न सुटला का? नाही. इथून खरी मेहनत सुरू होते.

पहिली गोष्ट सवयीची. कर्करोगाचा रुग्ण महिनोन्‌महिने मॉर्फिन घेत असेल तर त्याचे शरीर त्या मात्रेला सरावलेले असते. त्याला दुपारचे जेवण बसून जेवता येते ती मात्रा, कधीच मॉर्फिन न घेतलेल्या माणसाचा श्वास थांबवू शकते. म्हणजे रक्तातला एकच आकडा एकाच्या बाबतीत उपचार असतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत मृत्यूचे कारण. मधल्या काळात औषध सुटले असेल, तर सवयही उतरते. म्हणून मृत व्यक्ती काय घेत होती, किती दिवस घेत होती, केव्हा थांबली होती, हे कळल्याशिवाय आकडा मुका राहतो.

दुसरी गोष्ट मृत्यूनंतरची. माणूस गेल्यावर रक्त वाहायचे थांबते. पण औषधे आहेत तिथे थांबत नाहीत. यकृत, फुप्फुसे आणि हृदयाच्या स्नायूत साठलेले औषध हळूहळू आसपासच्या रक्तात झिरपते. नैराश्यावरची काही जुनी औषधे आणि हृदयरोगावरचे डिगॉक्सिन याबाबत विशेष प्रसिद्ध आहेत. हृदयातून काढलेल्या रक्तात त्यांचे प्रमाण जिवंतपणी होते त्याहून कितीतरी जास्त दिसू शकते. म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यावे, ते सोडियम फ्लोराइड घातलेल्या नळीत ठेवावे आणि कुठून घेतले ते नळीवर लिहावे, असे हे शास्त्र सांगते. शक्य असेल तेव्हा डोळ्यातला द्रवही घ्यावा. तो बंदिस्त जागेत असल्याने उशिरा कुजतो. ज्या नळीवर नुसते ‘रक्त’ एवढेच लिहिलेले असते, तिच्यातल्या आकड्यावर कुणाला दोषी ठरवणे धोक्याचे.

हा धोका कल्पनेतला नाही. नेदरलँड्समध्ये लुसिया द बर्क या परिचारिकेला रुग्णांच्या खुनांबद्दल २००३ साली जन्मठेप झाली. एका अर्भकाच्या मृत्यूत डिगॉक्सिनची मात्रा जास्त आढळल्याचा दावा हा खटल्याचा आधारस्तंभ होता. ज्या चाचणीवर भिस्त ठेवली होती ती डिगॉक्सिन आणि शरीरात नैसर्गिकपणे असणारे तत्सम पदार्थ यांत नीट फरक करू शकत नव्हती. अधिक नेमक्या पद्धतीने मोजले तेव्हा प्रमाण बरेच कमी निघाले. १४ एप्रिल २०१० रोजी त्या निर्दोष सुटल्या. मधली कित्येक वर्षे त्यांनी तुरुंगात काढली होती. विषशास्त्राने विचारायचे विसरले तर गुन्हेगार सुटतो, आणि उत्तर नीट न तपासता दिले तर निरपराध अडकतो. दोन्ही चुका एकाच आळसाच्या आहेत.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. ऑस्ट्रेलियन अभिनेता हीथ लेजर २२ जानेवारी २००८ रोजी न्यू यॉर्कमधल्या घरात मृतावस्थेत सापडला. तिथल्या वैद्यकीय तपासनिसांनी मृत्यूचे कारण सांगताना सहा औषधांची नावे घेतली: ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, डायझेपाम, टेमाझेपाम, अल्प्राझोलाम आणि डॉक्सिलामिन. दोन वेदनाशामके, तीन चिंता वा निद्रानाशावरच्या गोळ्या आणि एक झोप आणणारे अ‍ॅलर्जीचे औषध. कारण लिहिले ते या सगळ्यांच्या ‘एकत्रित परिणामाचे’, आणि मृत्यू अपघाती ठरवला. सहा जणांनी एकाच दोराला हात लावावा तसे हे घडते. प्रत्येक जण म्हणेल, मी फार ओढला नाही. एकेका औषधाचा आकडा वेगळा पाहून ‘मर्यादेत आहे’ असा शेरा मारणारा अहवाल अशा मृत्यूला ओळखूच शकत नाही. सहाही औषधे शोधली गेली आणि ती एकत्र वाचली गेली, म्हणून हे उत्तर मिळाले.

चौथी गोष्ट वेळेची, आणि आपल्या रुग्णालयांशी तिचा थेट संबंध आहे. काही औषधे लगेच मारत नाहीत. पॅरासिटामॉलची मात्रा फार वाढली तर यकृत निकामी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी रुग्ण बोलत असतो. तो पाचव्या दिवशी जातो, तेव्हा रक्तात पॅरासिटामॉलचा मागमूस नसू शकतो. उलट अतिदक्षता विभागात दिलेली झोपेची आणि वेदनेची औषधे मात्र हमखास सापडतात. शवविच्छेदनातले रक्त इथे रुग्णालयाने केलेल्या उपचारांची कहाणी सांगते, विषबाधेची नाही. खरा साक्षीदार असतो दाखल होताना काढलेल्या रक्ताचा पहिला नमुना. नेहमीच्या तपासण्या उरकल्या की प्रयोगशाळा तो काही दिवसांत फेकून देते. विषबाधेचा संशय असलेल्या रुग्णाचा पहिला नमुना शीतपेटीत राखून ठेवा, एवढा साधा नियम अनेक प्रकरणांचा निकाल लावू शकेल.

अपघात, आत्महत्या की घातपात?

या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही. यंत्र रेणू ओळखते, हेतू ओळखत नाही. ते उत्तर घटनास्थळी असते: पाकिटात किती गोळ्या उरल्या होत्या, औषध कोणत्या तारखेला घेतले होते, कुणाच्या नावावर होते, मृत व्यक्तीला दिसायला कमी होते का, गोळ्या कोण देत होते.

वयस्कर लोकांच्या घरात हा प्रश्न रोजचा आहे. एक डॉक्टर मधुमेहाचे, दुसरे हृदयाचे, तिसरे झोपेचे. आपल्याकडे एकच औषध अनेक ब्रँड नावांनी मिळते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर दोन वेगळी नावे असली तरी गोळीतले औषध एकच असू शकते, आणि आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेत राहतात. वयाबरोबर मूत्रपिंडांची क्षमता घटते. डिगॉक्सिनसारखी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारी औषधे मग ठरलेल्या मात्रेतही शरीरात साठत जातात. अशा मृत्यूत कुणाचाही वाईट हेतू नसतो. पण तपास झाला नाही तर ती चूक ‘वय झाले होते’ या शब्दांखाली झाकली जाते आणि शेजारच्या घरात पुन्हा घडते.

तपास अर्धवट झाला तर त्याहून वाईट होते. शरीरात झोपेचे औषध ‘आढळले’ एवढ्यावर आत्महत्येचा शिक्का बसतो. मग विम्याचा दावा अडकतो, सुनेकडे किंवा मुलाकडे बोटे दाखवली जातात, आणि घरातल्या लहानग्यांना मोठे होईपर्यंत त्या शब्दाचे ओझे वाहावे लागते. प्रत्यक्षात ते औषध वर्षभर रोज रात्री घेतली जाणारी, डॉक्टरांनीच दिलेली मात्रा असू शकते. अपघात आणि आत्महत्या यांतला फरक सरकारी नोंदीत एका रकान्याचा असतो. घरच्यांना तो आयुष्यभर पुरतो.

काय करता येईल?

यातले पुष्कळसे काम खर्चाचे नाही, शिस्तीचे आहे. पंचनाम्याच्या नमुन्यात औषधांसाठी स्वतंत्र रकाना हवा. घरातली सर्व पाकिटे, रिकामी पाकिटे, उरलेल्या गोळ्यांची संख्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बाटल्या, अंगावर चिकटवलेल्या औषधी पट्ट्या यांची नोंद तिथे व्हावी. ही यादी बरण्यांबरोबर प्रयोगशाळेत गेली पाहिजे. ‘विष आहे का पाहावे’ असे मोघम पत्र पाठवण्यापेक्षा ‘मृत व्यक्ती ही औषधे घेत होती, ही सापडली आहेत, यांचे प्रमाण सांगावे’ असे पत्र गेले तर रसायनतज्ज्ञाचे निम्मे काम तिथेच होते.

यासाठी लागणारी माहिती बऱ्याच प्रमाणात कायद्याने आधीच गोळा होते आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. ती विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ट्रामाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आले. औषधांचा गैरवापर रोखण्यासाठी ही वही आहे. पण मृत्यूच्या तपासात तिच्याइतका सरळ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. तपास अधिकाऱ्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ती वही पाहणे हा तपासाचा नेहमीचा भाग व्हायला हवा.

प्रयोगशाळेच्या बाजूनेही अहवालाची भाषा बदलायला हवी. काय शोधले, कोणत्या पद्धतीने शोधले, किमान किती प्रमाण पकडता येत होते आणि नमुना कशा अवस्थेत मिळाला, हे चार मुद्दे ‘आढळले नाही’ या शब्दांच्या शेजारी लिहिलेले असावेत. शिवाय रसायनतज्ज्ञ आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्यात आज जो पत्रव्यवहार होतो तो संवाद व्हावा. एकाने आकडा द्यायचा आणि दुसऱ्याने महिनोन्‌महिन्यांनी तो जुन्या नोंदींना जोडायचा, या रीतीत आकड्याचा अर्थ लावायला कुणीच उरत नाही. अहवालाला कालमर्यादा हवी आणि त्याची प्रत घरच्यांना मागावी न लागता मिळावी.

आणि शेवटी मोजदाद. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. उरलेल्यांत औषधाने किती गेले हे सांगायला कुणी बसलेले नाही. अमेरिकेत औषधांच्या अतिमात्रेने २०२२ साली सुमारे १ लाख ८ हजार माणसे गेली, हे तिथल्या सरकारला सांगता आले, कारण मृत्यूच्या दाखल्यावर औषधाचे नाव लिहिण्याची व्यवस्था आहे. ती निर्दोष नाही. पण कोणते औषध मारते आहे हे तिच्यामुळे दिसले, आणि दिसल्यावरच त्यावर धोरण आखता आले. आपल्याकडे प्रादेशिक प्रयोगशाळांत दरवर्षी जमणाऱ्या अहवालांतून औषधांची नावे एकत्र करून प्रसिद्ध केली, तरी कोणत्या जिल्ह्यात कोणती गोळी जीव घेते आहे याचा पहिला नकाशा तयार होईल. औषध नियंत्रकांना, डॉक्टरांना आणि घराघरातल्या औषधांच्या डब्यांना त्याचा उपयोग आहे.

घरात असा मृत्यू झाला, तर दुःखाच्या त्या तासांत घर आवरताना औषधे कचऱ्यात टाकली जातात. ती टाकू नयेत. सगळी पाकिटे आणि चिठ्ठ्या एका पिशवीत घालून पंचनाम्याच्या वेळी पोलिसांच्या हाती द्याव्यात आणि त्यांची नोंद झाली का ते विचारावे. रुग्ण रुग्णालयात दाखल होता तर पहिल्या रक्ताचा नमुना राखून ठेवायला सांगावे. प्रयोगशाळेपर्यंत नेमका प्रश्न पोहोचवण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे. पण ती उचलली जाईपर्यंत, त्या पिशवीतल्या अर्धवट रिकाम्या पाकिटांइतका खात्रीचा प्रश्न दुसरा कुणी लिहून देणार नाही.